ऊठबस

"आजी, मांड्यांचे स्नायू पार झिजलेत. अशानं एक दिवस बाथरूममध्ये पडून बसाल," फिजिओथेरपिस्ट मुलीनं बजावलं. आजींना खुर्चीतून उठवायला तिलाच काखेत हात घालावा लागला होता. औषध एकच होतं: हातांचा टेकू न घेता खुर्चीतून उठायचं आणि पुन्हा बसायचं. दिवसभरात, जमेल तितक्या वेळा.

दोन महिन्यांनी आजी तपासणीला आल्या. हाताची घडी घातली आणि ताडकन उठल्या. बसल्या, परत उठल्या. मुलगी हरखलीच. "बघा जरा यांच्याकडे! नाहीतर तुम्ही, नुसत्या सबबी सांगता," तिनं बाकीच्या पेशंटना सुनावलं. मग आजींना विचारलं, "खरं सांगा, घरी कोण मागे लागतं तुमच्या?"

"मागे लागायला घरात आहे कोण? आणि तुझा व्यायाम तर मी घरी पोचेपर्यंतच विसरले होते गं."

"मग हे जमलं कसं?"

 

"लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मी उठते. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला की परत बसते."