तोंडी संमती

वकीलसाहेब आले होते दाढ भरून घ्यायला. डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन दाढ कोरली, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "हिला भरून उपयोग नाही. काढून टाकू?" साहेबांच्या तोंडात कापसाचे चार बोळे आणि वर मी धरलेली थुंकी ओढायची नळी. त्यातून जो आवाज आला तो "हं" असाच होता. बाईंनी खात्रीसाठी पुन्हा विचारलं, पुन्हा "हं"च आलं. मग काढली.

बोळे बाहेर आले तशी साहेबांना वाचा फुटली.

"मी 'अंहं' म्हणत होतो. नाही म्हणत होतो. संमतीशिवाय दात काढणं म्हणजे कायद्याने सरळ मारहाण. कोर्टात खेचतो की नाही बघा."

बाईंचा चेहरा पडला. "अहो, दोनदा विचारलं. कागदावर 'तोंडी संमती' असं लिहिलंसुद्धा."

"तोंडात बोळे कोंबून घेतलेल्या संमतीला काडीची किंमत नसते," साहेब गरजले. "असल्या 'हं'वर पुढचं काहीही टिकत नाही. बेकायदेशीर. सगळंच रद्द."

कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांच्या पत्नी मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"नक्की ना? कारण तुम्ही लग्नाचं विचारलंत तेव्हा मी कपडे वाळत घालत होते, तोंडात दोन चिमटे होते.

मीसुद्धा 'अंहं'च म्हटलं होतं."