डावीकडे झुकलेले टाके

काजाचा प्रत्येक टाका किंचित डावीकडे झुकलेला होता. शिंपीणबाईंनी दुसरा शर्ट उलगडला; तिथेही तेच.

संधिवाताच्या गोळ्यांनी पोटाची पार वाट लागली, म्हणून त्यांनी शेजारणीच्या आग्रहाखातर तांब्याचं कडं घातलं होतं. बोटांचा ठणका तसूभर हटला नाही, पण सकाळी पाहावं तर आदल्या दिवशीची काजं कशी सुबक दिसायची. "आई, कडं लागू पडलं हं तुम्हाला!" डावखुरी सून हसून म्हणायची. मग सुई खाली ठेवायचा विषय त्या पुन्हा पुढे ढकलायच्या.

आज त्यांना ना राग आला, ना रडू. त्यांनी कडं काढून मशीनवर ठेवलं आणि सुनेला हाक मारली.



"माझी काजं उसवून पुन्हा करण्यात डोळे कशाला फोडतेस गं? उद्यापासून तूच कर."