काजूखाली

कपाटात एक बंदूक होती आणि डब्यात सात काडतुसं. आठवं नळीतच होतं. केतकीने ते काढून डब्यात टाकलं. गेल्या सुट्टीतही तिने हेच केलं होतं.

"भरलेली बंदूक घरात ठेवू नका, अण्णा. काडतुसं वेगळी, कुलपात ठेवा. किती वेळा सांगायचं?" तिचा आवाज थकलेला होता.

"मी कुलूप उघडेपर्यंत वानर थांबतात होय गो?"

"आणि मोतीबिंदू? डॉक्टर ऑपरेशन करा म्हणून मागे लागलेत."

"त्यांना गिऱ्हाईक हवंय," म्हणत अण्णांनी ओटीवरून बागेकडे पाहिलं आणि एकदम बंदूक उचलली. "गप्प. काजूखाली डुक्कर आहे. बघ, कसं उकरतंय. दे ते काडतूस."

केतकीने तिकडे पाहिलं. डबा छातीशी घट्ट धरून तिने हाक मारली, "आई!"

झाडाखाली वाकून काजू वेचणारी आई टोपली घेऊन सरळ उभी राहिली. "काय गो?"

अण्णांनी बंदूक खाली घेतली. मग बंदूक लेकीच्या हातात देत त्यांनी विचारलं, "किती लांब असेल ती?"

केतकीने टेप आणून मोजलं. अठरा मीटर भरले.