खडीसाखरेची पुडी

सिंधुने तो प्रश्न अकरा दिवस पोटात ठेवला होता. विचारायचा तो पौर्णिमेलाच, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

कारण पौर्णिमेला तिचा नवरा साहेबराव उपोसथ धरत. सकाळी पांढरे कपडे घालून विहारात अष्टशील, म्हणजे उपासाचे आठ नियम, घेत, बाराच्या आत जेवत आणि मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नसत. आणि त्या दिवशी खोटं बोलत नसत. एरवी ते कारकूनच. वेळ पाहून बोलायचे. पण उपोसथाला वरण खारट झालं तर तोंडावर खारट म्हणत. शेजारची पंचफुला तर हसून सांगायची, पौर्णिमेला सिंधुच्या मालकाला नवी साडी दाखवू नये.

दोन वर्षांपूर्वी त्यांना साखरेचा आजार निघाला, तेव्हा उपोसथ बंद करा म्हणून सिंधुने धोशा लावला. डॉक्टरांनी मधला रस्ता काढला. त्या दिवसाची गोळी बदलून दिली, पाणी भरपूर प्यायला सांगितलं आणि दोघांना समोर बसवून बजावलं, "हात थरथरला, घाम फुटला की खडीसाखर तोंडात टाकायची. साखर खाल्ली की त्या दिवसाचा उपास संपला. मग लगेच भाकरी खायची. हट्ट करायचा नाही."

तेव्हापासून पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात पुडी असायची. उपोसथाला तिला कधी हात लावावा लागला नव्हता.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा ते नांदेडहून बदलून इथे आले. यंदा पावसाने पाठ फिरवली आणि टंचाईची कामं त्यांच्या टेबलावर आली. बोअर कुठल्या गावाला द्यायचा, ती यादी त्यांच्या हातची. देवणीजवळच्या सिंधुच्या माहेरची वस्ती यादीत पहिली होती. सिंधुनेच मोठ्या हौसेने आईला तसं कळवलं होतं. मशीन आली ती वस्ती ओलांडून सरळ पुढच्या गावी गेली. आठ दिवसांनी तिची आई नागुबाई दोन कोसांवरच्या विहिरीवरून हंडा आणताना पडली. खुबा मोडला.

भाऊ किशन लातूरला आला, पण घरात पाणीसुद्धा प्यायला नाही. दारातूनच म्हणाला, "यादी डोळ्यानं बघून आलो. नाव खोडून दुसरं लिहिलंय. अक्षर दाजीचं हाय."

यादी कशी बदलली, एवढंच सिंधुने साहेबरावांना विचारलं तर म्हणाले, वरून बदललं. पण तो साधा बुधवार होता. आपल्याला कोणीतरी फसवलंय एवढं तिला कळत होतं. कोणी, ते कळत नव्हतं. ज्याच्या ताटात वीस वर्षं वाढलं त्याच्यावर संशय घ्यायची तिला लाज वाटत होती. पौर्णिमेला हे नाही म्हणाले की किशनला हाताला धरून परत आणायचं, असं तिने ठरवलं.

पौर्णिमेला तिने साडेअकरालाच त्यांना पोटभर जेवू घातलं. पाचच्या सुमारास ते ओसरीवर पुस्तक वाचत बसले होते. शेजारी पाण्याचा तांब्या होता. चेहरा टवटवीत होता, घाम नव्हता. तेवढं पाहून घेऊन ती समोर बसली.

"एकच इचारते. मायच्या वस्तीचं नाव तुमी खोडलं का?"

साहेबरावांनी चष्मा काढला. अंगणातल्या रिकाम्या रांजणाकडे एकदा पाहिलं. मग त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला. पुडी बाहेर आली.

सिंधु घाबरली. प्रश्न तिथेच राहिला. तिने झटकन त्यांचा हात धरला, कपाळ चाचपलं. कपाळ कोरडं होतं. हात जराही थरथरत नव्हता.

साहेबरावांनी खडा तोंडात टाकला, सावकाश चावून गिळला आणि वर घोटभर पाणी प्याले.

"न्हाई सिंधु," ते म्हणाले, "म्या न्हाई खोडलं."