घासतंय का?

ओस्मारने शेवटचा नट आवळला, जॅक खाली सोडला आणि दोन पावलं मागे सरून गाडीकडे पाहिलं. लाल तोरिनो आता मागून रुंद दिसत होती, पाय फाकवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी. नवे टायर मडगार्डला टेकायचेच काय ते बाकी होते. मधे जेमतेम करंगळी जाईल एवढी फट.

तेवढ्यात फाटक वाजलं. धाकटा भाऊ एराल्दो सांता फेहून बसने आला होता, गाडी न्यायला. बाप गेल्यापासून त्याची ही गाडी सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे असायची. दोघांची भेट व्हायची ती किल्ली देता-घेता. आजपासून एराल्दोची पाळी होती.

त्याने पिशवी खाली ठेवली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या चाकाशी थांबला.

"हे काय?"

"टायर."

"ते दिसतंय मला. ट्रॅक्टरचे काढून आणलेस का?"

"हिला असेच शोभतात. म्हाताऱ्यालाही हेच हवे होते. आई घालू देत नव्हती."

"आई शहाणी होती."

एराल्दो उकिडवा बसला. मडगार्डच्या आतल्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. हा रंग बापाने याच शेडमध्ये स्वतःच्या हाताने मारला होता. एक डास ओल्या रंगात चिकटून तसाच सुकला होता. बापाने तो काढला नव्हता आणि पोरांनाही काढू दिला नव्हता.

"मागे माणूस बसला की घासणार," एराल्दो म्हणाला. "मग ही कड आत वाकवावी लागणार. आणि वाकवलीस की म्हाताऱ्याचा रंग तडकलाच म्हणून समज."

"नाही घासणार."

"घासणार. आणि घासला तर जुने टायर परत चढवायचे. आत्ताच्या आत्ता."

"बरं. आणि नाही घासला तर हेच राहतील. तुझ्याकडेसुद्धा."

ओस्मारची बायको नेलीदा स्वयंपाकघराच्या दारात, हिवाळ्याच्या उन्हात उभी होती. येर्बाच्या कडू चहाची नळी तिने तोंडातून काढली.

"मग तोंडं कसली वाजवताय? माणसं बसवा आणि बघा."

"आता दुपारी कोण सापडणार? सगळी गल्ली झोपलीय," ओस्मार म्हणाला.

नेलीदाने आधी नवऱ्याच्या पोटाकडे पाहिलं, मग दिराच्या.

"वजनाची काही कमी दिसत नाही मला इथे. किल्ली आण इकडे."

गाडीला दोनच दारं. पुढची सीट वाकवून दोघांना एकेक करून मागे शिरावं लागलं. एराल्दोचं डोकं छताला आपटलं, ओस्मारचा गुडघा अडकला. न ठरवता एराल्दो उजवीकडे सरकला आणि ओस्मार डावीकडे. लहानपणी याच जागा होत्या. मधे न दिसणारी एक रेघ असायची आणि ती ओलांडली की कोपर बसायचं.

नेलीदाने गाडी सावकाश बाहेर काढली. दोघं आपापल्या बाजूला कलून, पत्र्याला कान लावून बसले. गल्ली गेली, चौक गेला. काही नाही.

"नाक वाजवू नकोस. ऐकू येत नाही," ओस्मार म्हणाला.

"नाक नाहीये ते. तुझा गुडघा वाजतोय."

नेलीदा हसली, पण तिने आवाज केला नाही.

गावाबाहेर रेल्वेचं फाटक होतं. गाडी रुळांवर चढली, उचलली गेली आणि पलीकडे दणकन बसली.

खर्रर्र.

उजवीकडून. अगदी स्पष्ट.

ओस्मार वाट पाहत राहिला. आता 'बघ, म्हटलं नव्हतं?' येणार, हे त्याला जन्मापासून माहीत होतं. पण एराल्दो आतल्या पत्र्यावर तळहात ठेवून बाहेर बघत होता. काढणी झालेली शेतं, तारेच्या कुंपणाशी गाई.

"ऐकलंस ना?" शेवटी ओस्मारनेच विचारलं.

"ऐकलं."

"ठीक आहे. घरी गेल्यावर जुने चढवतो."

गाडी जात राहिली. एराल्दोने हात पत्र्यावरून थोडा पुढे सरकवला, मग मागे.

"इथून इथपर्यंत घासतोय," तो म्हणाला. "वीतभर. जास्त नाही."

"वीतभर म्हटलं तरी कड वाकवावीच लागेल."

"गरम करून वाकवायची. लाकडाचा ठोकळा धरून, हळूहळू. घाई केली तर वाट लागेल."

ओस्मारने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"रंग तडकेल, एराल्दो."

"तडकला तर तडकला. मी मारीन. म्हाताऱ्याने तुला एकट्यालाच शिकवलंय का?"

"एका दिवसाचं काम नाही ते. तुला आज निघायचं होतं ना?"

एराल्दोने पुन्हा पत्र्यावर वीत टाकून पाहिली.

पुढे तिठा आला. नेलीदाने वेग कमी केला आणि गावाकडे वळायचा दिवा लावला. दिवा टिकटिकायला लागला.

"वळू ना घरी? कळलं ना काय कळायचं ते?"

"डावीकडचं कुठे कळलंय अजून," एराल्दो म्हणाला.

नेलीदाने आरशात पाहिलं. दोन पांढरी डोकी दोन बाजूंना टेकलेली होती, गुडघे छातीशी आलेले. तिने दिवा बंद केला आणि गाडी सरळ पुढे नेली.