पुढं ओढलेली सीट

ट्रकमधली ड्रायव्हरची सीट पार पुढं ओढलेली होती आणि तिच्यावर ग्लेंडाची उशी होती. हीच उशी ती आठवडाभर शोधत होती. “उंदरांनी नेली असेल,” असं नवरा म्हणाला होता. ॲरिझोनाच्या वाळवंटातले उंदीर भलतेच धीट असतात. पण सीट पुढं ओढून तिच्यावर उशी टाकून बसणारा उंदीर ग्लेंडानं अजून पाहिला नव्हता.

लाइल, म्हणजे तिचा नवरा, ताडमाड उंच. या सीटवर तो बसला असता तर गुडघे हनुवटीला टेकले असते. म्हणजे बसणारं माणूस बुटकं होतं. थंडीपुरतं कॅम्पर लावून राहणाऱ्यांच्या या तळावर बुटक्या बायका दोनच. एक ग्लेंडा स्वतः. दुसरी शेजारची डॉटी, नवरा गेलेली, हसताना समोरच्याचा दंड धरणारी.

संशय काही आजचा नव्हता. नेब्रास्काची थंडी चुकवायला ते इथं आले, तेव्हापासून लाइल दर मंगळवारी दात दाखवायला यूमा शहरात जात होता. तोही डॉटीच्या गाडीतून. “आपलं पेट्रोल कशाला जाळायचं?” म्हणे. एवढ्या खेपांत माणसाचे सगळे दात उपटून नवे बसवून झाले असते. लाइलचे दात होते तेच होते. ग्लेंडानं तो जेवताना नीट बघून घेतलं होतं.

आणि ते कॅम्परचं. कॅम्पर म्हणजे ट्रकच्या पाठीवर बसणारं त्यांचं घर. तळावर आलं की ते चार कोपऱ्यांच्या चार जॅकवर उचलायचं आणि खालून ट्रक काढून घ्यायचा. निघताना ट्रक मागं घेत पुन्हा त्याच्या खाली सरकवायचा. दोन्ही अंगांना जागा जेमतेम दोन बोटं. आजवर लाइल ट्रक मागं घेई आणि ग्लेंडा मागं उभी राहून ओरडे, “डावीकडं, आणखी डावीकडं, अरे तुझी डावी!” शेजारी खुर्च्या टाकून, कॉफी घेऊन बघायला बसत. तळावर याहून चांगली करमणूक नव्हती. ग्लेंडाच्या मते त्यांचा संसार या ओरडण्यावरच टिकला होता.

यंदा मात्र लाइलनं ट्रकच्या मागच्या काचेवर लाल फितीचं कडं चिकटवलं आणि कॅम्परच्या भिंतीवर लाल ठिपका. “ठिपका कड्यात बसला की ट्रक सरळ. मग मागं कुणी ओरडायला नको,” तो म्हणाला.

‘कुणी’. हा शब्द ग्लेंडानं जपून ठेवला.

जॅक फिरवायलाही तो तिला हाक मारीनासा झाला. या कोपऱ्याला थोडं, मग त्या कोपऱ्याला थोडं, पुढची बाजू मागच्यापेक्षा जराशी उंच, असा एकटाच फिरत राही. कधी कधी तर डोळे मिटून. कॅम्पर सपाट आहे का ते बघायला पाणसळ होती. ती खोक्यात पडून होती, आणि हा बाबा आत जमिनीवर गोटी सोडून ती कुठं घरंगळते ते कान देऊन ऐकत बसे. बायकोशिवाय कॅम्पर चढवायला शिकणारा माणूस बायकोशिवायच कुठंतरी निघालाय, हे कळायला ग्लेंडाला कुणा वकिलाची गरज नव्हती.

आज घरी परत निघायचं होतं. ट्रक कॅम्परकडं पाठ करून उभा होता. डॉटी खुर्ची टाकून बसलीच होती. लाइल मागच्या जॅकपाशी वाकला होता.

“लाइल,” ग्लेंडानं ट्रकच्या दारातून विचारलं, “माझ्या उशीवर कोण बसलं होतं?”

जॅकचं हँडल थांबलं.

“डॉटी,” तो म्हणाला. “तळावर तीच तुझ्या उंचीची आहे.”

डॉटीचा कप तोंडाशी गेला आणि तिथंच राहिला.

“माझ्या उंचीची आहे म्हणून माझी जागा देऊन टाकलीस?”

“चढ आधी. बस तिथं. मागं बघ.”

ग्लेंडा चढली. भांडायचंच तर निदान उंचावरून. ती उशीवर बसली आणि पाय आपसूक पेडलवर टेकले. सीट जराही पुढं-मागं करावी लागली नाही. तिनं मान वळवली. बंदुकीची माशी जुळावी तसा ठिपका कड्याच्या मधोमध बसला होता.

“वा,” ती म्हणाली. “डॉटीबाईंच्या डोळ्यांना अगदी मापात बसवलंय.”

“तुझ्या डोळ्यांना बसतंय का, ते सांग.”

“बसतंय की. न बसायला काय झालं? तूच बघ ना, एवढा लालभडक तर आहे.”

लाइल उठला. ट्रकच्या पत्र्यावर तळहात ठेवून, तो सरकवत सरकवत दारापर्यंत आला. मग मागच्या काचेकडं वळून त्यानं ठिपका दाखवायला बोट उचललं. बोट कड्यापासून वीतभर लांब, रिकाम्या काचेवर टेकलं.

“डॉटी म्हणाली तिथं चिकटवलंय, ग्लेंडा. मला नाही दिसत.”