कोरस

आजारी रामजीला गायला नेलं म्हणून जाईबाई त्याच्या तिन्ही साथीदारांशी बोलत नव्हत्या. भीमगीतांची कॅसेट भरली आणि पंधरा दिवसांत रामजी छातीच्या दुखण्याने गेला. दोन महिन्यांनी त्या देवरूखहून एसटीने रत्नागिरीला आल्या आणि रेकॉर्डिंगवाल्या अंकुशसमोर बसल्या.

"त्या तिघांचे आवाज नको माला, बाबा. नुसता माझा पोरगा ऐकव."

चौघांचे माइक वेगळे होते, टेपवर आवाजही वेगवेगळे होते. अंकुशने मिक्सरवर तिघांचे आवाज एकेक करून खाली ओढले. खोलीत एकटा रामजी गाऊ लागला. जाईबाईंनी डोळे मिटले.

पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात त्याचा श्वास अपुरा पडू लागला. तिसऱ्यात शब्द तुटले आणि नुसती धाप ऐकू आली. अंकुशने टेप बंद करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," जाईबाई म्हणाल्या. "कॅशेटीत तर गानं पुरं हाय म्हनतात. मग ह्याच्यापुढं गायलं कोन?"

"तो थांबला की ते तिघं त्याची ओळ उचलायचे, मावशी. त्याचा दम परत आला की मागे व्हायचे."

जाईबाई बराच वेळ ती धाप ऐकत राहिल्या.

"त्यांस परत आन."

अंकुशने तिन्ही आवाज वर नेले. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग पदर सावरत उठल्या.

"उद्या जाते त्यांच्याकडं. दोन म्हयने झालं, पोरं खाली मान घालून माझ्या दारावरनं जातायत."